कागदावर राहिलेलं गाणं

आमच्या घरात शांतता अशी नव्हतीच. दुबईजवळच्या अजमानच्या जुन्या मासळी बाजारामागे अब्बांचं शिलाईचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीला पाठ लावून आमच्या दोन खोल्या. मधे एकच भिंत, तीही नावाला. सकाळी आठला पहिलं मशीन सुरू व्हायचं, मग दुसरं, आणि नऊपर्यंत सातही मशिनं एकदम धावू लागायची. त्यात एसीची घरघर, अम्मीच्या कुकरच्या शिट्ट्या, बाहेर मासळीवाल्यांची ओरड आणि अब्बांचं फोनवरचं अरबी, जे ते रत्नागिरीच्या हेलात इतक्या आत्मविश्वासाने बोलायचे की समोरचा अरबच गोंधळायचा. अब्बा कंदुरे शिवायचे, म्हणजे इथल्या पुरुषांचे पायघोळ पांढरे झगे. ईद जवळ आली की घरातल्या पलंगावरसुद्धा पांढरं कापड पसरलेलं असायचं आणि मी त्याच्या कडेला बसून अभ्यास करायची. डाग पडला तर माझी धडगत नसे. मशिनाच्या नुसत्या आवाजावरून त्यावर कोण बसलंय हे मी सांगू शकत असे. चौदा वर्षांच्या मुलीला आपल्या अंगात काहीतरी खास आहे असं वाटायला एवढं पुरतं.

खिडकीजवळचं मशीन मोतालेबचाचांचं. ते बांगलादेशातले, पद्मेच्या काठच्या कुठल्याशा गावचे. वय तेव्हा चाळिशीचं असेल, पण मला ते म्हातारेच वाटायचे. गळ्यापाशी येणारी कंदुऱ्याची बारीक वेलबुट्टी अब्बा दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. बाकीचे कारागीर हिंदी सिनेमाची कॅसेट लावायला भांडायचे, हे मात्र आपल्यातच काहीतरी गुणगुणत बसायचे. मला ते 'मा' म्हणायचे. त्यांच्याकडे लेकीला तसंच म्हणतात, हे कळेपर्यंत मला फार हसू यायचं. "मा, चाय लाया?" असं चाळिशीच्या माणसाने विचारलं की मी मैत्रिणींना सांगून सांगून हसायची.

आमची त्यांची खरी गट्टी जमवली ती सुकटीने. चाचा रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचे आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर तोच खायचे. अम्मीला ते बघवेना. एकदा तिने गावाहून आलेली मूठभर सुकट भाजून त्यांच्याकडे पाठवली. त्यांनी ती राईच्या तेलात, लाल मिरचीत हाताने कुस्करली, त्यात कांदा मिसळला आणि अर्धी वाटी परत आमच्याकडे धाडली. अम्मीने एक घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली, "शमीम, जा, त्यांना विचार यात अजून काय घातलंय." तेव्हापासून शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला. तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण आणि चाचांची ती जाळ चटणी. अब्बा पानावर बसूनही दुकानाचंच बोलत, आणि चाचा मान हलवत जेवत. गाण्याची गोष्ट तिथेच, त्या पानांवर, पहिल्यांदा निघाली.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या भाषेतली सगळ्यांत जुनी गाणी हजार वर्षांपूर्वीची आहेत. चर्येची गाणी म्हणतात त्यांना. साधू-सिद्धांनी रचलेली, उघड अर्थ एक आणि पोटातला दुसरा, अशी. ताडपत्रांवर ती सापडली, पुस्तकात छापली गेली, शिकलेल्या लोकांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिले. प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर रागाचं नाव लिहिलेलं आहे, पण ते गायचं कसं हे सांगणारा एकही माणूस उरला नव्हता. चाचांच्या गावात एक वृद्ध गुरू होते, सगळे त्यांना गोसाईं म्हणत. गोसाईंचं म्हणणं, गाणं वाचायचं नसतं, ते तोंडात परत आलं पाहिजे. म्हणून ते आपल्या एकेका शिष्याला एकेक गाणं देत. त्याने त्याचा सूर शोधायचा. वर्ष लागो, दहा वर्षं लागोत. सापडला की गोसाईंसमोर बसून गायचं. त्यांनी मान डोलावली तर ते गाणं सगळ्या मंडळींचं झालं, दर गुरुवारच्या बैठकीत ते गायलं जायचं. नाही डोलावली तर गाणं परत कागदावर.

"और आपको कौनसा दिया?" अम्मीने विचारलं.

चाचांनी ओळ म्हटली नाही, नुसतं सांगितलं. गाण्यात एक माणूस स्वतःच्याच घराचं दार वाजवतो आणि विचारतो, आत कोण आहे? बस्स. पाच कडवी, प्रत्येकात तेच, दार तेवढं वेगळं. "इधर आने का एक महिना पहले दिया," ते म्हणाले, "आठ साल हो गया. गोसाईं बूढ़ा हो गया, भाभी. हमको जल्दी मिलना चाहिए." अब्बा म्हणाले, "इन्शाल्ला मिल जायेगा, पहले ईद का ऑर्डर खलास करो," आणि सगळे हसले. चाचाही हसले. पण हात धुवायला उठताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता. त्या माणसाला जगात एकच गोष्ट हवी होती, आणि ती देणारा म्हातारा समुद्रापलीकडे दिवसागणिक थकत चालला होता, हे मला त्या वयातही समजलं.

त्यांनी दुधाच्या पावडरीच्या डब्याला पडद्याची काठी चिरून लावली, तार ओढली आणि एकतारी केली. दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं. बाकीचे कारागीर कापडाच्या ताग्यांवर आडवे व्हायचे आणि चाचा आमच्या मागच्या पायरीवर येऊन बसायचे. मी गृहपाठाची वही मांडीवर घेऊन ऐकायची. तीन ओळी यायच्या, मग ते अडायचे. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधे त्यांना काहीतरी मिळत नव्हतं. कधी तिथे एक तान घालून पाहायचे, कधी तिसरीच ओळ दोनदा म्हणायचे, आणि मान हलवून तार सोडून द्यायचे. हळूहळू मलाही ते पाठ झालं. मी मधेच म्हणून दाखवलं की ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "गला अच्छा है, मा. लेकिन जल्दी है तेरे को." मला कधी धीर नव्हताच. आजही नाही, माझी मुलगी झोया याची साक्ष देईल.

आता कॅसेटचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी गावाला फोन लावणं म्हणजे चैन, आणि पत्र वाचायला दादीला दुसऱ्याची मनधरणी करावी लागे. म्हणून आखातातली सगळी घरं कॅसेट भरून पाठवत. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आमच्याकडे टेपरेकॉर्डर मधे ठेवला जायचा आणि आम्ही पाळीपाळीने बोलायचो. बटणं सांभाळायचं काम माझं. अब्बांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, बोलणारा थांबला की पॉज दाब, पुन्हा तोंड उघडलं की सोड. "तिकडं दादी कान लावून बसते," ते म्हणाले होते. "टेपवर आपण गप्प झालेलो ऐकू आलं की तिला वाटतं, माझा पोरगा रडतोय. मग चार दिवस जेवत नाही." हे खरंच घडलं होतं. त्यामुळे आमच्या घरातून गावाला गेलेल्या कुठल्याही कॅसेटवर कुणी कधी गप्प बसलेलं नाही. अब्बा दर वाक्यानंतर आवंढा गिळायचे, पण दादीला तो कधीच ऐकू गेला नाही. माझा अंगठा त्यात इतका तरबेज झाला होता की माणूस थांबणार हे मला त्याच्या श्वासावरूनच कळायचं. मी प्रेमाने करत होते ते. हे लिहून ठेवते, त्याने काही बदलत नाही तरीही.

एका गुरुवारी चाचा दुकानातून जवळजवळ धावतच आमच्या दाराशी आले. म्हणाले, मिळालं. काय मिळालं, कसं मिळालं, काही सांगितलं नाही. त्यांच्या गावचा एक माणूस दुसऱ्या दिवशी सुट्टीवर निघत होता, त्याच्याबरोबर कॅसेट गेली पाहिजे. शुक्रवारी जुम्म्यानंतर ते आंघोळ करून, पांढरा झब्बा घालून आले. कॅसेटच्या एका बाजूला त्यांनी बायकोसाठी बोलून ठेवलं होतं, दुसरी बाजू गोसाईंची. अम्मीने धाकट्या भावंडांना शेजारी धाडलं. अब्बांनी स्वतः उठून एसी बंद केला, घरघर नको म्हणून. मी रेकॉर्डरपाशी बसले आणि चाचांनी डोळे मिटून तार छेडली.

काय गायले ते! मी रोज ऐकलेलं तेच गाणं, पण आता त्यात चाचपडणं नव्हतं. तिसरी ओळ आली, आत कोण आहे, आणि ते थांबले. मी पाहिलं, त्यांचे डोळे मिटलेले, गळ्याची घाटी हललेली, तारेवरचं बोट निश्चल. मला वाटलं, भरून आलं त्यांना. आठ वर्षांचं सगळं गळ्याशी आलं. तिकडे म्हातारे गोसाईं ऐकतील, बायको ऐकेल, त्यांना वाटेल मोतालेब रडतोय. मी पॉज दाबलं. त्यांचे ओठ विलग झाले तसं सोडलं. चौथी ओळ अशी लागोपाठ लागली की सांधा कळू नये. प्रत्येक कडव्यात ते थांबले आणि प्रत्येक कडव्यात मी पॉज दाबलं, पाचही वेळा. स्वतःच्या चपळाईचं मला कौतुक वाटत होतं. गाणं संपलं तेव्हा अम्मी पदराने डोळे पुसत होती. परत ऐकून बघू म्हणेपर्यंत बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला, "यल्ला, मोतालेब भाई, यल्ला!" आणि चाचा कॅसेट घेऊन अनवाणीच पळाले.

चार महिन्यांनी उत्तराची कॅसेट आली. शुक्रवारचीच दुपार होती. चाचांनी ती आमच्याच घरी, सगळ्यांसमोर लावली. एवढा त्यांना विश्वास होता. थरथरता, बसलेला आवाज, बंगाली. आम्हाला शब्द कळत नव्हते, पण आम्ही चाचांच्या तोंडाकडे बघत होतो आणि तिथे सगळं लिहिलेलं दिसत होतं. नंतर त्यांनी अर्थ सांगितला. गोसाईं म्हणाले होते, सूर खरा आहे, बाबा. पण गाणं अजून दाराबाहेर उभं आहे. तुला घाई आहे. परदेशात माणसाला घाई असतेच, त्यात तुझा दोष नाही. हे गाणं सध्या कागदावरच राहू दे. पुढे थोडी खरखर होती, मग दुसऱ्या एका शिष्याचा आवाज आला. हे बोलल्यावर आठच दिवसांत गोसाईं गेले, असं तो सांगत होता.

अब्बांनी टेप बंद केला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "मा, तू थी उधर. हम रुका था ना?"

"हो चाचा," मी म्हणाले. "थांबला होतात."

"पाँच दफा रुका था."

"हो."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग म्हणाले, "तो वो रुकना झूठा था. गोसाईं ने सुन लिया." आणि तेव्हा, सगळं संपल्यावर, त्यांनी आम्हाला सांगितलं की काय मिळालं होतं. सूर्य मावळताना मगरिबची अजान झाली की अब्बांच्या नियमाने सातही मशिनं बंद व्हायची, एसीसुद्धा. अजान संपायची आणि माणसं नमाजआधीच्या वजूला उठायची, त्याच्या मधे दोन-तीन श्वासांएवढा वेळ दुकानात काहीच नसे. आठ वर्षं चाचा त्या वेळात मशिनाच्या चाकावर हात ठेवून बसत होते, आणि एका गुरुवारी त्यांना उमगलं की त्यांचं गाणं तेच मागतंय. दार वाजवलं, विचारलं, तर आतून उत्तर येईपर्यंत थांबायला नको? ते थांबणं हेच गाणं. बाकीचं सगळं दारापर्यंत जाण्याची वाट.

अंगठा पॉजवर असल्यासारखा आखडला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. चाचा, तुम्ही थांबलात ते गोसाईंपर्यंत पोचलंच नाही, मी ते टेपवर येऊ दिलं नाही, एवढी दोन वाक्यं. पण गोसाईं तर गेले होते, आता सांगून काय होणार, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण ते नव्हतं. मला भीती वाटली. चाचांनी मला 'मा' म्हणणं सोडलं तर, या विचाराने माझ्या तोंडाला कुलूप लागलं. आणि मी त्यांना खोटं काहीच सांगितलं नव्हतं, हे सगळ्यांत वाईट. 'हो, थांबला होतात' हे माझं खरं बोलणं त्यांच्या वर्मी बसलं. मी 'नाही' म्हटलं असतं तर निदान त्यांनी दुसरं काही कारण शोधलं असतं.

एकतारीची तार त्यांनी काढून टाकली आणि डबा अम्मीला दिला. अम्मीने त्यात मसूर भरली. शुक्रवारी ते जेवायला यायचे, चटणीही करायचे, पण गुणगुणणं बंद झालं. खिडकीजवळचं मशीन आता बाकीच्या सहांसारखंच वाजायचं आणि मला भिंतीपलीकडून त्यांना ओळखता येईना. उद्या सांगू, परीक्षा झाली की सांगू, ईद झाली की सांगू, असं करत मी सात-आठ महिने काढले. मग त्यांना अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या एका युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. कंपनीची बस न्यायला आली. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "पढ़ना, मा." मी मान डोलावली. बस निघून गेली आणि मी आत जाऊन गणिताचा पेपर सोडवायला बसले.

नंतर माझं लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी वीस वर्षं रुवैसच्या कॉलनीत गेली. आता पन्नाशी टेकली, अब्बा-अम्मी दोघंही नाहीत, आणि आम्ही परत अजमानला आलो आहोत. जुन्या मासळी बाजाराच्या बाजूला जायचं मी टाळते. गेल्या रमजानात स्वयंपाक करताना फोनवर काहीतरी आपोआप सुरू झालं, आणि माझा हात कणकेतच राहिला. झाडाखाली तीस-चाळीस माणसं बसलेली, पोरं-पोरी, पांढरे कपडे, हातात एकताऱ्या. चर्येची गाणी. हजार वर्षांनी परत गायली जाताहेत, खाली हजारो लोकांनी कौतुक लिहिलंय. मागे भिंतीवर हार घातलेला फोटो होता. दाढी पांढरी झालेली, पण डोळे तेच. "मम्मा, व्हाय आर यू क्रायिंग? हू इज दॅट ओल्ड मॅन?" झोयाने विचारलं. मी म्हटलं, आमच्या दुकानात होते.

त्या मंडळीतल्या निताई नावाच्या तरुणाशी माझी ओळख झाली. इथून व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाही, त्यामुळे आमचं बोलणं व्हॉइस मेसेजवरच. तो मला मासी म्हणतो. मोतालेब फकीर त्याचे गुरू. घरी परतल्यावर दोनेक वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले, गोसाईंच्या जागी बसले, शिष्यांना शिकवून एकेक गाणं कागदावरून उठवलं, आणि गेल्या थंडीत वारले. त्यांचं स्वतःचं गाणं मात्र त्यांनी कधी गायलं नाही. मी विचारलं, तुमची गाणी इतकी सलग कशी, कुठेच थांबत नाही तुम्ही? निताई अभिमानाने म्हणाला, "गुरु का यही तो सिखाना था, मासी. कहीं रुकना नहीं. वो बोलते थे, हम एक बार रुका था, गोसाईं को झूठ सुनाई दिया. तुम लोग कभी मत रुकना."

दोन दिवसांनी दुपारी मी एसी बंद केला, फोन समोर ठेवला आणि चाचांचं गाणं म्हटलं. आवाज आता फाटलाय, वरचे सूर लागत नाहीत, पण पाचही कडवी आली. तिसऱ्या ओळीनंतर मी थांबले. जितके ते थांबले होते तितकी, पाचही वेळा. आणि पाठवून दिलं, सोबत एक शब्दही न लिहिता. मला वाटलं, तो ऐकेल आणि त्याला कळेल.

संध्याकाळी निताईचा मेसेज आला. "मासी, बहुत सुंदर! ये तो गुरु का गाना है, आपके पास कहाँ से आया? सब लोग रो रहे हैं इधर. बस, नेटवर्क खराब था शायद, पाँच जगह आवाज़ कट गया. आप चिंता मत करना, वो हमने काट के जोड़ लिया. गुरुवार को यही सबको सिखायेंगे."

मी तो मेसेज तीनदा ऐकला. मग अंगठा बटणावर ठेवून धरला आणि बोलायला सुरुवात केली, की आवाज कट झाला नव्हता, बाळा. तिथे तुझे गुरू थांबले होते, आणि ते खरं होतं. कापलं होतं ते मी.